सगुणाबाईचं पीक

२०१७ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि माझा आवाज पंचवीस वर्षांचा होता. हे मी म्हणत नाही, मलकापूरचा कापूस बाजार म्हणतो. जन्मभर कापसाच्या जिनात गठाणी उचलल्या. बाजारातल्या बोल्या कानावर पडून पडून गळा असा तयार झाला की आमच्या मंडळीच्या पीक-सणाचा लिलाव दुसऱ्या कोणी पुकारायचा प्रश्नच नव्हता. एका वर्षी मला ताप होता म्हणून एका मास्तरानं पुकारला. मुळ्यांसारखे मुळे कोणी घेतले नाहीत. पुढच्या वर्षी मलाच बोलावलं.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की एका रविवारी आम्ही ख्रिस्ती लोक आपापल्या पिकातलं देवापुढं आणतो. कोणी ज्वारी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. ज्याला शेत नाही तो घरचं लोणचं आणतो. उपासना झाली की चर्चच्या आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. आमचे हिंदू शेजारीपण येतात, माल चोख असतो म्हणून.

त्या वर्षी मी जो माल पुकारला तो आधी कोणी पुकारला नव्हता आणि पुढं कोणी पुकारील असं वाटत नाही. तो आणला होता सगुणाबाईनं. आता सगुणाबाई नाही, म्हणून लिहायला बसलो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, हात माझे शाबूत आहेत. तू फक्त वेलांट्या बघ. बाकी एक शब्द हलवला तर वही चुलीत घालीन.

सगुणाबाई आमच्या गल्लीतली. बुटकी, गोल, चालताना बैलगाडीसारखी दोन्हीकडं झुलायची. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो काविळीनं लवकर गेला. मागं दोन पोरी आणि सगळ्यात धाकटा शमुवेल, म्हणजे शमू. पोरी गरीब होत्या, लग्न होऊन गेल्या. शमू मात्र जन्मला तोच उलटा, आणि दाईनं पाठीवर थाप मारली तर रडायच्या ऐवजी शिंकला, असं सगुणाबाईच सांगायची.

तिच्या घरात एक सराटा होता. सराटा म्हणजे पोळी उलटायचं लोखंडी उलथणं. पोळीसाठी वेगळा आणि पोरांसाठी वेगळा, खिळ्याला टांगलेला. पण तो सराटा हातात घ्यायच्या आधी सगुणाबाई प्रार्थना करायची. तिचं म्हणणं, रागाच्या हातानं मारलेलं देवाच्या खात्यात जमा होत नाही, आधी राग उतरला पाहिजे. मग ती पोराला समोर गुडघ्यावर बसवायची, आपण बसायची, डोळे मिटायची, आणि खिडकी उघडी ठेवून देवाला सगळं सांगायची. काय केलं, कुठं केलं, सोबत कोण होतं, मागच्या महिन्यात काय केलं होतं, आणि बारा महिन्यांपूर्वी काय कबूल केलं होतं. मध्येच भाजी लागली की उठून ढवळून यायची, पुन्हा डोळे मिटायची. "तर हे प्रभू, मी कुठं होते?" गल्लीतल्या बाया निवडणं-टिपणं घेऊन खिडकीखाली बसायच्या.

पोरांचे गुडघे जायचे दुखून. एक दिवस शमूचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला, "आई, मार वं! कितीबी मार! पण आमेन म्हण!"

यावर मी तिला एकदा म्हटलं होतं. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. म्हटलं, "सगुणाबाई, शास्त्रात छडी सांगतली हाये. छडी म्हणजे छडी. माह्या तिन्ही पोट्ट्यायले मी पट्ट्यानं सरळ केलं. प्रार्थना-बिर्थना मधात कुठून आली?"

ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, "याकोबभाऊ, ते छडी मेंढपाळाची हाये. मेंढपाळ मेंढीले झोडपतच बसला, तं चारन कवा?"

"पण लेकरायनं आईबापाचं ऐकावं, हे शास्त्रात हाये का नाई?"

"हाये ना. अन त्याच्याच खाली लिहेल हाये, का बापानं लेकरायले चिडीले आणू नये. पण तुमी पडले तिसरी पास. तुमचं वाचन अर्ध्यातच सुटते."

"अन तू कितवी पास?"

"मी दुसरी. पण मी खालची ओळबी वाचतो."

मी चहा न पिता उठून आलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वांग्याची भाजी पाठवली. भाजी चांगली होती. मुद्दा मला आजही मान्य नाही.

दुसऱ्यांच्या लेकरांनाही ती सोडत नसे, पण शमूवर तिची नजर खास. शमू नऊ-दहा वर्षांचा असताना त्यानं वच्छलाबाईच्या मळ्यातले पेरू चोरले. वच्छलाबाई म्हणजे नळगंगा नदीच्या काठी भाजीपाला करणारी माळीण. हाडं काटक, जीभ त्याहून काटक. सगुणाबाई शमूचा कान धरून मळ्यात गेली. पेरू परत द्यायचे तर ते शमूच्या पोटात. मग सगुणाबाईनं निवाडा केला, की आठ दिवस शाळा सुटल्यावर शमूनं त्याच झाडाची राखण करायची.

शमूनं अशी राखण केली की विचारू नका. चोर पोरं कुठून येतात, कुठं लपतात, खिशात किती बसतात, त्याला सगळं घरचं माहीत. एकही पेरू गेला नाही. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई स्वतः पाहुण्यासाठी दोन पेरू तोडायला गेली, तर हा झाडाखाली काठी घेऊन उभा. "हात नाई लावाचा. आईले इचारून या." वच्छलाबाई आपल्याच मळ्यातून सगुणाबाईची परवानगी मागायला गल्लीत आली. तेव्हापासून दोघींची मैत्री. एक चतुर्थी धरायची, दुसरी रविवार धरायची, आणि दोघी मिळून सगळ्या गल्लीला धरायच्या.

आता तुम्हाला वाटेल, बाई भारी कडक असेल. तसं नव्हतं. तिला एक रोग होता. हसू आलं की थांबत नसे. एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, अंगानं चांगलेच भरलेले. त्यांनी उपासावर प्रवचन सुरू केलं. पहिल्या वाक्याला बाक हलायला लागला. सगुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "शरीराला सुकवा," असं ते म्हणाले आणि त्यांच्या सदऱ्याचं बटन उडालं. झालं. सगुणाबाईबरोबर तो बाक गेला, बाकाबरोबर सगळ्या बाया गेल्या. तेव्हापासून चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी तिची जागा दाराजवळ नेमून दिली, म्हणजे हसू आलं की बाहेर पळता यावं. ती बाहेर चिंचेखाली जाऊन पोटभर हसायची, डोळे पुसायची, आणि शहाण्या बाईसारखी आत येऊन बसायची. मयतीतसुद्धा एकदा पळाली होती. मयत माणूसही तसाच गमत्या होता, म्हणून कोणी वाईट धरलं नाही.

तर असा सगळा आनंद असताना शमू मोठा झाला. बावीस वर्षांचा. काम शून्य. दोन दोस्त मिळाले, नावं कशाला लिहू, एक लांबडा आणि एक ठेंगणा. मोबाईलवर क्रिकेटचा सट्टा घ्यायचे. लांबड्याला पोलिसांनी एकदा नेऊनही आणलं होतं. त्यांनी शमूच्या कानात सुरत भरली. सुरतेला चल, तिथं मोठा खेळ आहे. सराट्याचं वय गेलं होतं. प्रार्थना सुरू झाली की शमू आता कानात वायर घालून बसायचा. सगुणाबाई एवढी वर्षं हसून-मारून निभावत होती, पण सुरतेचं नाव निघालं तेव्हा तिची झोप गेली. मला म्हणाली, "भाऊ, तिथं गेला तं हा पोट्टा मले पुन्हा दिसत नाई. दिसला तं तुरुंगात दिसते."

त्यात बोकडाचं झालं. पीक-सणासाठी तिनं एक बोकड पाळला होता, राजा नावाचा. सणाच्या आठवड्यात राजा गायब. शमू म्हणाला, दोर तोडून पळाला. बिचारी हातात पाला घेऊन "राजाऽ, राजाऽ" करत स्टेशनापर्यंत फिरली. संध्याकाळी परत आली तर शमूच्या पायात नवे कोरे बूट. पांढरे, खाली लाल दिवे लागणारे. ती बुटांकडे बघत राहिली. मग आमच्या दारात आली आणि म्हणाली, "राजा सापडला, भाऊ. शमूच्या पायात हाये." उरलेले पैसे त्यानं सुरतेच्या गाडीसाठी ठेवले होते. गाडी सोमवारी सकाळची. पीक-सण रविवारी.

भावकीतल्या एकानं सल्ला दिला, की मंडळीत सांग बोकड रोगानं मेला, पोराची लाज झाकली जाईल. सगुणाबाई म्हणाली, "आजपावतो त्याचं खोटं मी झाकलं नाई, म्हणून तो मले भेतो. आज झाकलं तं आमी दोघं भागीदार झालो."

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. "भाऊ, उद्या लिलावात जित्ता माल चालते का?"

"काऊन नाई चालत? जित्त्या मालाले बोली चांगली लागते. कोंबडी हाये का?"

"मोठा हाये."

मला वाटलं, दुसरा बोकड घेतला असेल. म्हटलं, "मोठा असन तं आखरीले आण. गर्दी टिकते." मला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. मीच पुढचं विचारलं नाही.

रविवारी उपासना झाली, लिलाव सुरू झाला. मी खुर्चीवर चढलो होतो. ज्वारी गेली, तूर गेली, वच्छलाबाईनं लोणच्याच्या बरणीवरून माझ्याशी भांडण केलं, ते दरवर्षीचंच. शमू जेवणासाठी आला होता. त्याचे दोन्ही दोस्त फाटकाशी उभे. मग सगुणाबाई शमूला म्हणाली, "हा भोपळा मोठा हाये रे, माह्याच्यानं उचलत नाई. समोर नेऊन धर."

शमूनं भोपळा डोक्यावर घेतला आणि माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. मी भोपळा पुकारणार, तोच सगुणाबाई चर्चच्या दाराजवळून म्हणाली, "याकोबभाऊ, भोपळा खाली उतरवा. तो माहा नाई. भोपळ्याखालचा माहा हाये. तो पुकारा."

लोकांना आधी समजलंच नाही. मग तिनं सरळ सांगितलं. "मी देवाले बोकड बोलली होती. बोकड यानं इकला. मी तं काही तरी आणाले पायजे. नाताळापर्यंत याचे हात-पाय ज्याले पायजे त्यानं न्यावे. पैसा मंडळीचा. खाणं माहं."

असा हशा उठला की चिंचेवरचे बगळे उडाले. आमचे पाळकसाहेब नवीन, वयानं कोवळे. ते घाबरून म्हणाले, "अहो बाई, शास्त्रात बाप मुलाचा बळी द्यायला निघाला तेव्हा मुलाच्या जागी बोकड आला होता. तुम्ही बोकडाच्या जागी मुलगा आणला!"

सगुणाबाई म्हणाली, "साहेब, तिथं बोकड झुडपात सापडला. इथं तो बाजारात गेला. मंग मी काय करू?"

पाळकसाहेब खाली बसले. मी खुर्चीवर होतो. समोर माल होता. मालाला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी गळा मोकळा केला.

"पाहा बाप्पा पाहा! शमुवेल! बावीस वर्षांचा, पण कामाच्या हिशोबानं पॅकबंद! कुठं घासला नाई, कुठं झिजला नाई! दात बत्तीस, सगळे खायचे! बोला!"

"झोपते किती?" कोणीतरी ओरडलं.

"ते गिऱ्हाइकानं पाहावं!"

"गॅरंटी हाये का?"

"आईची हाये!"

शमूही हसत होता. भोपळा काखेत धरून लोकांना सलाम करत होता. मी पुकारलं, बोला. पुन्हा पुकारलं. हसणं हळूहळू विरलं, आणि बोली आली नाही. एकही नाही. ज्या भोपळ्याखाली तो उभा होता, त्यासाठी तीन माणसं टपून होती. शमूसाठी कोणी नाही. लोक आपापल्या चपलांकडं बघायला लागले. तिकडं सगुणाबाई दाराची चौकट धरून उभी. त्या सगळ्या गर्दीत ती एकटी अशी होती जी सुरुवातीपासून हसली नव्हती.

शमूचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं भोपळा खाली ठेवला. मला हळूच म्हणाला, "काऊन काका, कोणीच नाई?"

"तूच बोल बे काहीतरी," मी म्हटलं.

तो लोकांकडं वळला. "मी... मले ट्रॅक्टर येते." बोली नाही. "पोतं उचलतो. झाडावर चढतो."

"ते आमाले मालूम हाये!" वच्छलाबाई एकदम उभी राहिली. "पेरू राखाचा तवा चांगला राखे. माह्या वावरात कापूस फुटून राह्यला, वेचाले माणूस नाई. लावली बोली!"

तिची बोली पडली तसा फाटकातून लांबडा ओरडला, "आमची वाढवून!" म्हणजे दोस्त घेऊन गेले तर सकाळची गाडी नक्की. वच्छलाबाईनं वाढवली. त्यांनी वाढवली. ती त्यांच्यापेक्षा वरच्या आवाजात वाढवायची, ते तिच्यापेक्षा. लोक एकदा इकडं, एकदा तिकडं माना वळवत होते. मला इतकी मजा लिलावात कधी आली नाही, आणि इतकी भीतीही कधी वाटली नाही. नियम म्हणजे नियम, चढी बोली ज्याची माल त्याचा, मग तो कोणीही असो. शेवटी दोस्तांचं संपलं. मी म्हटलं, "वच्छलाबाई, एक वार... दोन वार..."

"शमू!" ठेंगणा ओरडला. "खिशातले काढ ना बे! तुले तूच सोडव!"

शमूचा हात खिशावर गेला. मी थांबलो. मालानं स्वतःवर बोली लावावी का, असा प्रश्न आमच्यात कधी आला नव्हता. मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "नाही. कोणालाच स्वतःला सोडवता येत नाही, आमचा सगळा धर्मच त्यावर उभा आहे."

"लावू द्या त्याले, साहेब," सगुणाबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "राजाले दोर होता. याले मी दोर नाई बांधला. फाटक उघडं हाये. जायाचं असन तं जाऊ द्या."

शमूनं फाटकाकडं पाहिलं. मग आईकडं. मग तो खाली बसला. मला वाटलं, रडतो आता. पण त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट काढले, जोडी करून माझ्या खुर्चीवर, माझ्या पायाजवळ ठेवले. खिशातले पैसेही त्यातच कोंबले. आणि अनवाणी उभा राहून म्हणाला, "काका, हेबी पुकारा. बोकड हाये हा."

मी वाकून बूट उचलला. खालचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "पाहा बाप्पा, बोकडाचे डोळे!"

दाराशी आवाज झाला. सगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला होता, पण पदर कमी पडला. ती पळाली. चिंचेखाली जाऊन खोडाला धरून अशी हसली, अशी हसली, की बाहेर उभे असलेले रिक्षावाले विचारायला लागले, बाईला झालं काय. हसता हसता खाली बसली. हसत होती की रडत होती, मी खुर्चीवरून सांगू शकत नाही.

मी "तीन वार" म्हटलं आणि माल वच्छलाबाईचा झाला. बूट लांबड्यानं घेतले. त्याच्या मापाचे निघाले.

संध्याकाळभर गल्लीत एकच बोलणं. कोणी म्हणे, लाजेनं उभा राहिला, सकाळी बघा, गाडीत असेल. कोणी म्हणे, दोन दिवस करील. मी कोणाच्या बाजूनं बोललो नाही. मी पुकारणारा, मालाच्या पुढच्या वागण्याला पुकारणारा बांधील नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेतली आणि फिरायला म्हणून नळगंगेकडं निघालो. सुरतेची गाडी पुलावरून जाताना मी ऐकली. मळ्यापाशी आलो. कापसाच्या पऱ्हाटीवर दव होतं, बोंडं नुसती पांढरी फुटलेली. बांधावर वच्छलाबाई उभी राहून शिव्या देत होती, "अबे, सरकी घेऊन वेच, पाला नको आणू!" तर शमू आत होता. त्याच्या शेजारच्या पातीत, म्हणजे ओळीत, कमरेला झोळी बांधून, सगुणाबाई वेचत होती. बोली पोराची लागली होती, तिची नाही. वसतिगृहाचा स्वयंपाक पहाटेच उरकून आली असावी. तोंडानं गाणं चालू, हात सपासप, आणि शमूपेक्षा अर्धी पात पुढं.

मी म्हटलं, "काय वं सगुणाबाई, शिक्षा त्याले हाये का तुले?"

तिनं मान वर केली नाही. "त्याले एकट्याले देल्ली असती, तं तो आता गाडीत असता. अन तुमी काय पाहून राह्यले, भाऊ? बाजार भरला का इथं? झोळी तिकडं बांधावर हाये. तिसरी पात मोकळी हाये."

बहात्तर वर्षांच्या माणसाला, तेही मला, असं कोणी बोललं नव्हतं. मी काठी बांधावर ठेवली, कमरेला झोळी बांधली, आणि तिसरी पात धरली.